सुरातली लहर

शिरूर, १४ सप्टेंबर २०२४

अपडेट बेचाळीस टक्क्यांवर अडकलंय आणि पडद्यावर लिहून आलंय की बटणाला हात लावू नका. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका वकिलाचा कॉम्प्युटर आहे. ते समोर बसलेत आणि दर दोन मिनिटांनी विचारतायत, "झालं का?" मी म्हणतो, "त्याला विचारा." हात मोकळे आहेत, म्हणून तुम्हाला लिहितो, सर.

सलाम.

तुमच्या कानातल्या यंत्राची शिटी थांबल्याचं रिबेकाने कळवलं. परवाच्या रविवारी दौंडला आलो तेव्हा मी एवढंच केलं : तिच्या फोनमधल्या ॲपात 'शिटी रोखा' असा एक दांडा आहे, तो टोकाला सरकवला. यंत्रातून निघालेला आवाज त्याच्याच माइकमध्ये परत शिरतो आणि शिटी वाजते. देवळात स्पीकरसमोर माइक धरल्यावर होतं तेच. आता वाजणार नाही. त्यासाठी पुण्याला यंत्रवाल्या बाईंकडे जायची गरज नाही. त्या यंत्रं विकतात, मी ओळखतो.

त्याच ॲपात 'संगीत' नावाचं बटण आहे. ते मी बंद ठेवलंय, तुम्हीही दाबू नका. अशी बटणं मी खूप पाहिलीत. टीव्हीवर 'सिनेमा' असतं, ते दाबलं की माणसं पिवळी दिसतात. रिक्षातल्या टेपवर 'रॉक' असतं, ते दाबलं की गाणाऱ्याचा गळा जातो आणि ढोल राहतो. संगीताला वेगळं बटण लागत नाही. आवाज जसा आहे तसा आत न्यावा आणि गप्प बसावं, एवढंच यंत्राचं काम. पण तेवढं कुणी करत नाही. फोनवर गाणं लावलं की ते संपता संपता दुसरं आपोआप सुरू होतं. गाणं संपल्यावर जी शांतता असायची ती यांनी काढून घेतली. दुकानासमोर ट्रक मागे घेताना जी धून वाजते ती गेली तीन वर्षं एका ठिकाणी बेसुर आहे. चीनमधल्या कुणीतरी एकदा चुकीचा सुर टाकला आणि आता नगर रोडवरचे सगळे ट्रक तो घेऊन मागे येतात. मी कुणाला सांगू?

त्रेचाळीस टक्के झाले. वकीलसाहेब उठून उभे राहिलेत.

तुमचा विद्यार्थी,
मल्हार

*

दौंड, २२ सप्टेंबर २०२४

चि. मल्हार यास सलाम.

पत्र मिळालं. हाताने लिहिलंस हे बरं केलंस. छापलेलं पत्र नोटिशीसारखं वाटतं. 'सूर' दीर्घ लिही. 'बेसूर'ही दीर्घ.

यंत्र चांगलं आहे. शिटी नाही. स्टेशनवरची घोषणा आपल्या घरापर्यंत येते हे मला माहीत नव्हतं. रिबेकाला म्हणालो, "आज भांडी का आपटतेस?" ती म्हणाली, "पप्पा, मी रोजच आपटते." ती हसली ते ऐकू आलं.

आता कामाचं लिहितो.

२४ नोव्हेंबरला आपल्या चर्चच्या मंडळीत हंगामाचा सण आहे. लोक शेतातलं पहिलं पीक देवळात आणतील. मागची दोन वर्षं मी पेटीवर बसलो नाही. ऐकू येत नव्हतं म्हणून मीच उठलो. कुणी उठवलं नाही. तेव्हापासून रेल्वेतला नोएल कीबोर्ड वाजवतो. हात वाईट नाही, पण सूर चढवायचा तर बटण दाबतो, बोटं तीच ठेवतो. यंत्र आल्यावर मी पंचांना म्हणालो की मी पुन्हा बसतो. पाळक म्हणाले, "पेटी सुरात असेल तर सणाला तुम्हीच वाजवा, मास्तर. नसेल तर नोएल आहेच." हे त्यांनी नीट सांगितलं, अपमान केला नाही. पण मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. या सणाला बसलो नाही तर पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही.

काल पेटी उघडली. वाजवली. सूर डुलतात.

तू आठवीत होतास तेव्हा दाखवलं होतं. पेटीत एका पट्टीखाली दोन पितळी सूर, म्हणजे पात्या, असतात, एक खर्जाचा, एक वरचा. दोन्ही अगदी मिळाले की आवाज सरळ जातो. केसभर सुटले की त्यात लहर येते. माझ्या पेटीत प्रत्येक पट्टीला लहर आहे. दोन वर्षांपूर्वी नव्हती.

दोष पेटीत आहे की यंत्रात? तू यंत्रं ओळखतोस. सरळ उत्तर दे.

तुझा,
इसहाक

*

शिरूर, २९ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर, सलाम.

सरळ उत्तर : पेटीत.

आता कारणं. पेटी दोन वर्षं बंद होती. दोन पावसाळे गेले. पितळेवर हिरवी पूड चढते, त्याने सूर उतरतो, आणि सगळे सूर सारखे उतरत नाहीत. हे मला तुम्हीच शिकवलंय. यंत्राचं म्हणाल तर त्याला पेटी आणि कुकर यांतला फरक कळत नाही. त्याला हेतू नसतो. माणूस खोटं बोलतो, कारण त्याला काही हवं असतं. यंत्राला काय हवंय?

फोनची गोष्ट निराळी. फोन हे खेळणं आहे. फोनला तंबोरा म्हणजे पंखा वाटतो आणि तो बोलण्यामागून त्याला पुसून टाकतो. मागे माझ्या भाचीला, प्रगतीला, फोनवर पेटी ऐकवत होतो, ती म्हणाली, "मामा, तुम्ही वाजवायचं थांबवलंत का?" बिनतारी इअरफोन तर सूर उशिराने देतात. बोट पट्टीवरून उठतं तेव्हा आवाज येतो. ते घालून पेटी वाजवणं म्हणजे दुसऱ्याच कुणाचा हात आपल्याला लावल्यासारखं आहे. पण तुमचं यंत्र दवाखान्यातलं आहे. ते कानाच्या मोजमापावर बनवलेलं आहे. मी त्याची सगळी सेटिंग पाहिलीत.

एक सांगतो. यंत्र काढून, उघड्या कानाने तपासू नका. तो कान आता वरचे सूर गाळतो. यंत्र जे सांगेल त्यावर चाला. फोनवर सूर मोजायचं ॲप असतं, पण तुमच्या हातात कानस असताना ते मी कशाला सांगू? आठ आठवडे आहेत. तुम्ही पूर्वी दहा दिवसांत पेटी लावायचात.

'सूर' या वेळी पाच ठिकाणी लिहिलाय. सगळे दीर्घ.

मल्हार

*

दौंड, १३ ऑक्टोबर २०२४

चि. मल्हार यास सलाम.

'सूर' सहा ठिकाणी लिहिलायस. मोजायलाही शिकवलं होतं.

काम सुरू करून बारा दिवस झाले. सूर काढून, पुसून ठेवले. पूड फार नव्हती. तरी लहर होती, म्हणून कानस घेतली. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. हे सगळं हाताला आठवत होतं. उजवा हात थोडा थरथरतो, पण कानस टेकली की थांबतो.

एक गोष्ट कळत नाही. मधल्या सप्तकातला सा मंगळवारी मिळाला असं वाटलं. बुधवारी पुन्हा डुलत होता. खर्जाचा चढवला, तरी डुलतो. मग वरचा उतरवला, तरी तेवढाच. पूर्वी जवळ आलं की लहर मंद व्हायची, मंद होत होत थांबायची. आता ती मंद होत नाही. मी जवळ चाललोय की लांब, हे समजायला दुसरी खूण नाही.

यंत्र काढून ऐकलं नाही. तू सांगितलंस तसं.

देवळातही बायकांचे आवाज डुलतात. सगळ्यांची वयं झाली. त्यांतली सुषमा एकेकाळी सरळ गायची.

खाली वर्तमानपत्र अंथरतो. संध्याकाळी त्यावर पितळ चमकतं. रिबेका ते झटकायला घेते, तर मी म्हणतो, राहू दे. किती गेलं ते मला दिसायला हवं.

तुझा,
इसहाक

*

[व्हॉट्सॲप, २१ ऑक्टोबर २०२४]

मल्हारदादा, सलाम. रिबेका बोलतेय. फोन लावणार होते, पण पप्पा समोर बसलेत आणि आजकाल त्यांना ऐकू येतं 🙂 म्हणून लिहितेय.

पप्पा सकाळी नऊला पेटी घेऊन बसतात ते जेवायला हाक मारेपर्यंत. मला त्यातलं फार कळत नाही. पण पेटी काढली तेव्हा ती आम्हाला चांगली वाजत होती. आता नाही वाजत. परवा नोएल आला होता. पप्पांनी त्याला वाजवून दाखवलं. तो म्हणाला, "छान, मास्तर." दारात चपला घालताना त्याने माझ्याकडे बघितलं.

मी पप्पांना म्हटलं, "पप्पा, ती आधीच बरी होती." तर म्हणाले, "तुला कान नाही." मी म्हटलं, "कान तर तुम्हाला नाही, पप्पा." मी चिडून बोलले. मग दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

रेकॉर्डिंग पाठवतेय. ऐकून सांगा. माझंच चुकत असेल तर बरं होईल.

*

[व्हॉट्सॲप, त्याच दिवशी]

रिबेका, हे असं पाठवू नकोस. व्हॉट्सॲप आवाज दाबून दाबून अर्धा करतं, वर तुझा फोन स्वतःच्या मनाने सफाई करतो. यावरून काही सांगता येत नाही. फोनच्या रेकॉर्डरमध्ये 'सफाई' बंद कर, फोन पेटीपासून चार हात लांब ठेव, आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग ऐकतो.

*

[व्हॉट्सॲप, त्याच दिवशी]

पाठवली.

*

[व्हॉट्सॲप, २५ ऑक्टोबर २०२४]

दादा, ऐकलंत का? दोन निळ्या टिका दिसतायत.

*

शिरूर, ६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सर, सलाम.

दिवाळीच्या गडबडीत पत्र राहिलं. दुकानात गर्दी होती. लोक घर साफ करतात आणि जुने कॉम्प्युटर माझ्याकडे आणून टाकतात. "बघा, काही होतंय का." काही होत नसतं. आता प्रचाराच्या रिक्षा सुरू झाल्यात. एकाच चौकात तीन रिक्षा, तीन गाणी, तीन पट्ट्या. हल्ली घराघरात यंत्रांना हाक मारून गाणं लावतात. माझ्या मेव्हण्याने घेतलंय. त्याने हाक मारली की ते लावतं, त्याच्या आईने हाक मारली की "समजलं नाही" म्हणतं. तिची भाषा निमोणे गावची. ती त्याला म्हणाली, "तुला समजत न्हाई तर मंग बसलायस कशाला हितं?"

सर, सध्या घासायचं थोडं थांबवाल का? हवा बदलते आहे. थंडीत पितळ आखडतं. आठवडाभर जाऊ द्या.

आणि यंत्र एकदा तपासायला हवं. साधी सर्व्हिस, काळजीचं काही नाही. मी येऊन घेऊन जाईन. दोन दिवसांत परत.

मल्हार

*

दौंड, ११ नोव्हेंबर २०२४

चि. मल्हार यास सलाम.

थंडी अजून पडलेली नाही. दुपारी पंखा लागतो.

यंत्र देता येणार नाही. तेरा दिवस राहिले. यंत्राशिवाय काम होणार नाही आणि काम थांबवलं तर पेटी होणार नाही. खर्जाचे सगळे सूर झाले. वरचे पाच राहिलेत. लहर अजून आहे, पण मला वाटतं ती सगळीकडे सारखी झाली आहे. सारखी झाली म्हणजे शेवट जवळ आला असं मी धरतो. पूर्वी असं कधी झालेलं नाही, म्हणून खात्रीने लिहीत नाही.

पंचांना निरोप पाठवला की पेटी तयार होते आहे. सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दोन माणसं येऊन ती देवळात नेतील.

तुझं अक्षर बिघडलंय. ओळी खाली उतरतात. आजारी आहेस का? असलास तर लिही. इतर गोष्टी लिहितोस, ती लिहीत नाहीस.

तुझा,
इसहाक

*

शिरूर, १६ नोव्हेंबर २०२४

सर,

कानस खाली ठेवा. मग पुढचं वाचा.

लहर पेटीत नव्हती. यंत्रात आहे. मी घातली.

शिटी रोखायला हे यंत्र एक युक्ती करतं. बाहेरचा प्रत्येक आवाज आत देताना ते थोडासा चढवून देतं. फार थोडा. बोलण्यात कळणार नाही इतका. त्यामुळे स्वतःचा आवाज परत आला तर ते ओळखतं आणि कापतं. पण तुमच्या कानात यंत्राच्या कडेने मूळ आवाजही थोडा जातो. एक पेटीचा खरा सूर आणि एक यंत्राने चढवलेला. दोन सूर, केसभर सुटलेले. तुम्ही ऐकली ती लहर या दोघांतली. ती कानसेने जाणार नव्हती. तुम्ही अख्खी पेटी घासून संपवली असती तरी तेवढीच राहिली असती.

हे पुस्तिकेत एकसष्टाव्या पानावर आहे. बारीक अक्षरात. त्याच पानावर लिहिलंय की 'शिटी रोखा' टोकाला नेऊ नये, आणि गाणं-वाद्य ऐकताना 'संगीत' बटण दाबावं. ते दाबलं की ही युक्ती बंद होते. मी तुम्हाला दाबू नका म्हणालो ते बटण.

आता दुसरी गोष्ट, ती जास्त वाईट. हे मी आज वाचलेलं नाही. २२ ऑक्टोबरला वाचलं. आदल्या दिवशी रिबेकाने रेकॉर्डिंग पाठवलं होतं. ते मी दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं. आमचे आबा शेजारी बसले होते. आबांना तुम्ही ओळखता. जन्मभर मेंढ्या हिंडवल्या, गाणं काही कळत नाही. त्यांनी विचारलं, "कुणाची रं ही पेटी?" मी म्हटलं, "इसहाक सरांची." ते म्हणाले, "हाट्. सर आजारी हायेत का? असं व्हय वाजवतील ते?"

मग मी पुस्तिका काढली.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. रिबेकाला नुसतं सांगितलं असतं, दांडा मागे घे, तर एक मिनिटाचं काम होतं. मी केलं नाही. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. दिवाळी झाल्यावर तुम्हाला थंडीबद्दल लिहिलं. या पंचवीस दिवसांत तुम्ही किती सूर घासलेत ते मला माहीत आहे, कारण तुम्ही प्रत्येक पत्रात ते लिहिता.

पुण्याच्या एका पेटीवाल्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. तो म्हणाला, इतके घासलेले सूर परत लागत नाहीत, पातळ झाले की धरत नाहीत. सगळे अठ्ठ्याहत्तर नवे बसवावे लागतील. फेब्रुवारीच्या आधी नाही.

येत्या शनिवारी येतो. माझी पेटी घेऊन येतो, ती सुरात आहे. सणाला ती वाजवा. यंत्र मी ठीक करतो. निदान तेवढं करू द्या.

मल्हार

*

दौंड, २० नोव्हेंबर २०२४

चि. मल्हार यास,

पत्र काल दुपारी मिळालं. दोनदा वाचलं. यंत्र काढून ठेवून लिहितो आहे.

पाचही सूर परवाच झाले होते. तेव्हा कानस खाली ठेवण्याचा प्रश्न आला नाही.

रिबेकाला वाचून दाखवलं. ती तुझ्यावर फार रागावली आहे. माझं काय ते अजून ठरलेलं नाही. तू आल्यावर तिच्याशी वाद घालू नकोस.

पंचांना नवा निरोप दिलेला नाही. शनिवारी तुझी पेटी ऐकतो, मग बघू.

इसहाक

*

दौंड, २५ नोव्हेंबर २०२४

चि. मल्हार यास सलाम.

शनिवारी तू तीन वेळा विचारलंस की मी पेटीवरून का उठलो. रिबेका समोर होती आणि तुझी चौफुल्याची गाडी सुटत होती. आता लिहितो.

तू यंत्रात काय केलंस ते मी पाहत होतो. दांडा मागे घेतलास, बटण दाबलंस. मग तुझ्या पेटीवर सा धरलास. आवाज सरळ आला. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं, तू मान हलवलीस. मग मी बसलो. सात-आठ पट्ट्या धरल्या. लहर नव्हती. तुझी पेटी चांगली आहे, भाता हलका आहे.

नंतर मी माझ्या पेटीवर तोच सा धरला. तीही मला फार वाईट वाटली नाही. थोडी लहर आली, ती मी दोन महिने ऐकत होतो तिच्यापेक्षा कमीच. पण तू आणि रिबेका दोघांनी खाली पाहिलं. तेव्हा मला कळलं की तुम्ही काहीतरी वेगळं ऐकता आहात.

म्हणून उठलो. यंत्राने दोन महिने सांगितलं, लहर आहे. शनिवारी तेच यंत्र म्हणालं, नाही. तू म्हणतोस, आता ते खरं बोलतं. असेल. तू तेव्हाही तसंच म्हणाला होतास, आणि तेव्हा तू खोटं बोलत नव्हतास. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. पेटीवर बसलेल्या माणसाला चुकलं की आपोआप कळावं लागतं. दर ओळीला वर बघून दुसऱ्याच्या तोंडावरून ते वाचायचं असेल तर त्याने बसू नये. पन्नास वर्षं मी मुलांना हेच सांगितलं.

तुझी पेटी कोपऱ्यात आहे. गाडीने पाठवतो. नाहीतर तू ने.

दोन माणसं संध्याकाळी पेटी न्यायला आली होती. मी त्यांना म्हणालो, नको. एकाने विचारलं, "मास्तर, मग उद्या?" मी म्हणालो, "नोएल." ते चहा पिऊन गेले. रिबेका रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला उपासना सुरू झाली. बाजरी, ऊस, भोपळे, कुणीतरी एक कोंबडा, असं पुढे ठेवलं होतं. नोएल वाजवत होता. मी तिसऱ्या बाकावर रिबेकाशेजारी बसलो. यंत्र लावलं नव्हतं. गीताचा आकडा फळ्यावर होता आणि ते मला पाठ आहे. सगळे उभे राहिले तेव्हा मी उभा राहिलो आणि गाऊ लागलो. काही वेळाने रिबेकाने माझी बाही ओढली. मी पाहिलं तर सगळे बसले होते. गीताची तीनच कडवी घेतली होती. मी चौथं म्हणत होतो.

इसहाक